कागदावर खुली, प्रत्यक्षात बंद: वेबसाइट शेवटच्या माणसाला वापरता येते का?

शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, कॉलेजचा प्रवेश, नोकरीची जाहिरात... आज यातले बहुतेक काम वेबसाइटवरून सुरू होते. आपल्या चळवळीचेही तसेच आहे. विहार समित्या, जयंती मंडळे, वाचनालये, विद्यार्थी संघटना यांच्या साइट्स आहेत. साइट बनवली, उद्घाटन झाले, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की आपण समाधानी होतो. पण ती साइट उघडून किती जणांचे काम पूर्ण झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हातात घ्यावा, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

दिसणे वेगळे, काम होणे वेगळे

इंग्रजीत ज्याला यूजर एक्सपिरियन्स म्हणतात, तो म्हणजे रंगीत बॅनर आणि फिरणारे फोटो नव्हेत. माणूस ज्या कामासाठी साइटवर आला, ते काम त्याला दुसऱ्याची मदत न घेता, कमी वेळात आणि चूक न होता करता आले का, एवढाच त्याचा अर्थ. साइट देखणी असूनही काम अडत असेल तर ती वाईट साइट. दिसायला साधी, पण दहावी झालेल्या मुलीला स्वतःचा अर्ज स्वतः भरता येत असेल तर ती चांगली साइट.

हा 'माणूस' कोण, हे आधी ठरवावे लागते. साइट बनवणारा मोठ्या स्क्रीनच्या संगणकावर, वेगवान इंटरनेटवर काम करतो. भिवंडी शहराला लागून असलेल्या आमच्या शेलारमध्ये चित्र वेगळे आहे. आजूबाजूला यंत्रमाग आणि गोदामे आहेत. घरात संगणक नाही. एक बऱ्यापैकी स्मार्टफोन असतो आणि तो तिघे-चौघे वापरतात. काच तडकलेली, मेमरी भरलेली, दिवसाचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला. या फोनवर जी साइट चालते, तीच खरी चालते.

महाडने शिकवलेला फरक

१९२३ साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्यावर जाऊन पाणी पिणे तरीही शक्य नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला हक्क यांतले अंतर साऱ्या देशाला दिसले.

वेबसाइटची तुलना त्या संघर्षाशी करायची नाही. तिथे माणसांनी माणसांना अडवले होते. पण त्यातला एक धडा इथे कामाचा आहे. 'सर्वांसाठी खुले' असे लिहिले म्हणून गोष्ट सर्वांना मिळत नाही. पोर्टल सर्वांना खुले असते, पण ओटीपी, फाइलचा आकार, न कळणारी भाषा आणि वाट पाहायला लावणारे पान या पायऱ्यांवर कोण गळते, ते पाहावे लागते. गळणारे बहुधा तेच असतात ज्यांच्यासाठी योजना आहे.

अर्ज कुठे अडतो

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. महाराष्ट्रात तिचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. २०१७-१८ मध्ये पोर्टल नवीन असताना तांत्रिक अडचणी इतक्या आल्या, की शासनाला त्या वर्षी ऑफलाइन अर्ज स्वीकारावे लागले. लाखो विद्यार्थ्यांचे शिक्षण ज्या दारातून जाते, ते दार अडकले की काय होते, याचा तो मोठा दाखला होता. पोर्टल बंद पडले की बातमी होते. पण पोर्टल चालू असतानाही अर्ज अडतात, त्यांची बातमी होत नाही. कोणत्याही ऑनलाइन अर्जात या जागा तपासून पाहा.

पहिली जागा ओटीपीची. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा. वडील यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत, खडखडाटात फोनची रिंगही ऐकू येत नाही. मुलगी घरी फॉर्म उघडून बसलेली. ओटीपीची मुदत संपते, काही वेळाने साइट तिला बाहेर काढते आणि भरलेली माहिती पुसली जाते. उपाय अवघड नाही. भरलेली माहिती आपोआप साठवावी, आणि ओटीपी लागणार असल्याची सूचना पहिल्याच पानावर द्यावी.

दुसरी जागा कागदपत्रांची. कोणते कागद लागतील, किती आकाराचे आणि कोणत्या स्वरूपात, हे शेवटच्या पायरीवर कळते. 'इनव्हॅलिड फाइल' एवढाच संदेश येतो. 'तुमची फाइल मोठी आहे, २५६ केबीपेक्षा लहान करा' असे लिहिले असते तर काम तिथेच झाले असते. चूक काय झाली, कुठे झाली आणि आता काय करायचे, या तिन्ही गोष्टी चूक दाखवणाऱ्या संदेशात हव्यात.

तिसरी जागा आपल्यासाठी जास्त नाजूक आहे, ती धर्म आणि जातीच्या रकान्याची. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यातले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रातले. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. हा इतिहास फॉर्म बनवणाऱ्याला ठाऊक नसेल तर यादीत 'बौद्ध' सापडत नाही, किंवा धर्म बौद्ध निवडला की पुढे अनुसूचित जातीचा पर्याय उघडत नाही. मग मुलगा 'हिंदू' किंवा 'इतर' निवडून पुढे जातो. दाखल्यावर एक आणि अर्जात दुसरे अशी नोंद होते आणि पडताळणीत अर्ज परत येतो. यादीतला एक पर्याय म्हणजे किरकोळ तांत्रिक बाब नाही. आपली ओळख आणि आपला हक्क दोन्ही तिथे अडकलेले असतात.

अर्ज मोफत असतो, पण तो भरून घेणे मोफत नसते. सायबर कॅफेचे पैसे, झेरॉक्स, रिक्षा आणि आईची किंवा वडिलांची बुडालेली रोजंदारी, हा वाईट वेबसाइटचा खर्च आहे. तो शासनाच्या किंवा कंत्राटदाराच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. घरच्या हिशेबात मात्र दिसतो.

सुरुवात आपल्या घरापासून

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या संस्थांच्या साइट्स नीट करू. यासाठी मोठा निधी लागत नाही.

भाषा. भगवान बुद्धांनी उपदेश लोकांच्या बोलीत केला. तो छंदस भाषेत बसवावा ही दोन ब्राह्मणकुलीन भिक्खूंची सूचना त्यांनी नाकारली, अशी नोंद विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. आपल्या साइटवर 'होम', 'अबाउट अस', 'सबमिट' कशासाठी? 'मुखपृष्ठ', 'आमच्याविषयी', 'अर्ज पाठवा' असे लिहा. पण भाषा शासकीय नको. लोक 'फोटो' म्हणतात तिथे 'छायाचित्र संलग्न करा' असे लिहून उपयोग नाही.

अक्षर. जुन्या श्री-लिपी किंवा कृती देव फाँटमधला मजकूर तसाच साइटवर टाकला तर फाँट नसलेल्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे दोन ओळींत मोकळी जागा ठेवा आणि अक्षर लहान करू नका. अक्षरांमधले अंतर ताणले तर शिरोरेषा तुटते. ते टाळा.

रंग. निळा आपला रंग आहे, पण आकाशी पट्टीवर पांढरी अक्षरे उन्हात दिसत नाहीत. अक्षर आणि मागची पट्टी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असा जागतिक निकष आहे. गडद निळ्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर गडद निळे ठेवले तर रंगही राहतो आणि वाचताही येते.

वजन. जयंतीच्या मिरवणुकीचे फोनवर काढलेले २० फोटो, प्रत्येकी ४ एमबीचे, जसेच्या तसे टाकले तर पान ८० एमबीचे होते. दिवसाला दीड जीबी डेटा असलेल्याचा पाच टक्के डेटा एका पानावर जातो. फोटो लहान करून टाकले तर पान काही सेकंदांत उघडते आणि कोणाचे काही बिघडत नाही.

पुस्तके आणि सूचना. बाबासाहेबांचे लेखन स्कॅन करून पीडीएफमध्ये ठेवले जाते. हे मोलाचे काम आहे. पण स्कॅन केलेले पान म्हणजे फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे करून ओळ स्क्रीनच्या रुंदीत बसवता येत नाही आणि अंध वाचकाचे स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. शक्य तिथे मजकूर टाइप करून ठेवा. जागा आणि कार्यकर्ते कमी असतील तर निदान अनुक्रमणिका टाइप करा. शिबिराची तारीख, वेळ, पत्ता फक्त बॅनरच्या फोटोत ठेवू नका, खाली मजकुरातही लिहा.

पाच माणसांची चाचणी

साइट कशी आहे हे बनवणाऱ्याला विचारून कळत नाही. वापरणाऱ्याला पाहून कळते. वेबवरच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडले होते, की पाच जणांना साइट वापरताना पाहिले तरी बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. प्रयोगशाळा लागत नाही, विहाराचा ओटा पुरतो.

रविवारच्या वंदनेनंतर पाच जणांना बसवा. त्यात एक कॉलेजची मुलगी, एक गोदामात काम करणारा तरुण, एक गृहिणी, एक साठीच्या पुढचे उपासक आणि ज्याला नीट दिसत नाही असे एक जण असावेत. त्यांचाच फोन वापरू द्या. एकच काम सांगा: 'पुढचे शिबिर कधी आहे ते शोधा' किंवा 'शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या कागदांची यादी काढा'. मग गप्प बसा. हेच सर्वांत कठीण असते. 'तिथे नाही, इथे दाबा' असे सांगितले की चाचणी संपली. बोट कुठे थांबले, काय दोनदा दाबले, कुठे कपाळाला आठी पडली, एवढेच वहीत लिहा.

अशी चाचणी घेतली की काही गोष्टी हमखास दिसतात. तीन आडव्या रेघांच्या मागे मेनू लपलेला आहे, हे वडीलधाऱ्यांना कळत नाही. पीडीएफ डाउनलोड होते, पण ती फोनमध्ये कुठे गेली ते सापडत नाही. फोन नंबर लिहिलेला असतो, पण दाबला तर लागत नाही. यातली बहुतेक दुरुस्ती एका संध्याकाळचे काम आहे. दुरुस्ती करा आणि महिनाभराने दुसऱ्या पाच जणांना बसवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अडला तो माणूस अडाणी नाही, अडवते ती साइट. चाचणी सुरू करण्यापूर्वी हे त्या पाचही जणांना मोठ्याने सांगा.

शासनाकडे काय मागायचे

'पोर्टल चालत नाही' ही तक्रार फाइलमध्ये हरवते. तारीख, वेळ, कोणते पान, कोणती पायरी, कोणता संदेश आला आणि स्क्रीनशॉट, असे दहा विद्यार्थ्यांचे निवेदन एकत्र दिले तर उत्तर देणे भाग पडते. स्क्रीनशॉटवरचा आधार क्रमांक आणि बँक खाते झाकायला विसरू नका.

कायद्याचा आधारही आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ डिजिटल सेवाही सुगम असाव्यात असे सांगतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. त्या प्रकरणात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती न्यायालयात गेल्या होत्या. केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे यंत्रणा सांगत होती आणि ते त्यांना शक्य नव्हते. एका पायरीची रचना माणसाला बँकेबाहेर ठेवू शकते, हे न्यायालयाने मान्य केले.

माहिती अधिकारात एक साधा प्रश्न विचारा: या वर्षी किती अर्ज सुरू झाले, किती पूर्ण झाले आणि किती कोणत्या पायरीवर अर्धवट राहिले? मंजूर अर्जांचा आकडा सगळे सांगतात. अर्धवट राहिलेल्यांचा आकडा मागणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. ज्या पायरीवर सर्वांत जास्त अर्ज थांबले, तिथे दुरुस्ती हवी.

आपल्या मुला-मुलींपैकी अनेक जण आज सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. त्यांनी वर्षातले चार रविवार आपल्या वस्तीतल्या विहाराला द्यावेत: एक चाचणीला, दोन दुरुस्तीला, एक निवेदन लिहायला. अर्जांचा हंगाम सुरू होण्याआधी पहिला रविवार ठरवा, आणि पाच जणांत सर्वांत जुना फोन असलेल्याला पहिल्यांदा बसवा.