प्रादोतील दोन तास

मोठ्या कलासंग्रहालयात शिरलेल्या माणसाजवळ वेळ आणि उत्साह दोन्ही असले, तरी त्याचे लक्ष दीड-दोन तासांत संपते, आणि ते एकदा संपले की समोर तिशियनचे चित्र असले काय किंवा कोपऱ्यातले अग्निशामक यंत्र असले काय, डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसू लागतात. हा दोष केवळ नवख्या प्रेक्षकाचा नव्हे, हे बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले होते. मांडणीतील वस्तू नीट दिसावी म्हणून प्रेक्षकाला किती वाकावे आणि अवघडून उभे राहावे लागते, याची छायाचित्रेच त्यांनी त्यात छापली आणि या शिणवट्याला ‘संग्रहालयीन थकवा’ असे नाव दिले. प्रेक्षकाच्या सोबत चालत, वस्तूसमोर उभे राहून बोलणाऱ्या मार्गदर्शकाची, म्हणजे ‘डोसेंट’ची, प्रथाही त्याच संग्रहालयाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केली. हा शब्द ‘शिकवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला असला, तरी मार्गदर्शकाचे खरे काम गाळण्याचे असते आणि शिकवणे त्यानंतर येते.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात हे विशेष स्पष्टपणे कळते. सर्व संस्कृतींचे नमुने एका छताखाली आणण्याचा हेतू येथे कधीच नव्हता. स्पेनच्या राजांनी तीनशे वर्षे आपल्या आवडीने जमवलेली चित्रे हा या संग्रहाचा गाभा आहे, आणि म्हणून त्याला राजघराण्याच्या आवडीनिवडींचा, हट्टांचा आणि पोकळ्यांचाही आकार आहे. हुआन दे विय्यानुएवा या वास्तुकाराने १७८५ मध्ये आराखडा केलेली ही इमारत तिसऱ्या कार्लोस राजाने निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी योजली होती. चित्रांचे संग्रहालय म्हणून ती १८१९ च्या नोव्हेंबरमध्ये उघडली, तेव्हा पहिल्या सूचीत ३११ चित्रे होती आणि ती सारी स्पॅनिश चित्रकारांची होती. आज संग्रहातील चित्रांची संख्या हजारांत मोजली जाते आणि त्यांपैकी भिंतीवर असते तो केवळ एक अंश, पण तोही एका दिवसात पाहून होत नाही. एउखेनियो द’ओर्स या स्पॅनिश लेखकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रादोवर लिहिलेल्या, आजही ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या नावातच तीन तासांची मर्यादा घालून घेतली होती. हल्लीच्या मार्गदर्शित फेऱ्या त्याहूनही आखूड, साधारण दीड ते दोन तासांच्या असतात आणि त्यात दहा-पंधरा चित्रांपुढे जाण्याचा हव्यास मार्गदर्शकाने धरू नये, हेच बरे.

गट लहान असावा, म्हणजे सहा ते दहा-बारा माणसांचा असावा, याचे कारण बहुधा आदरातिथ्याच्या भाषेत सांगितले जाते. वास्तविक ते भूमितीचे आहे. दिएगो वेलास्केस या दरबारी चित्रकाराचे ‘लास मेनिनास’ हे १६५६ सालचे चित्र सुमारे ३.१८ मीटर उंच आणि २.७६ मीटर रुंद आहे. त्याच्यासमोर आठ माणसे अर्धवर्तुळात उभी राहिली तर प्रत्येकाला खालची कडाही दिसते, पंचवीस उभी राहिली तर मागच्यांना चित्राचा वरचा अंधारा भाग आणि पुढच्यांची डोकी दिसतात. मोठ्या गटाला मार्गदर्शकाचा आवाज कानात लावलेल्या लहान यंत्रातून ऐकावा लागतो, आणि तशा अवस्थेत माणूस बोलणाऱ्याकडे पाठ करून भलत्याच चित्राकडे पाहत उभा राहू शकतो, किंबहुना पुष्कळदा राहतोच. लहान गटात आणखी एक गोष्ट साधते, ती म्हणजे एखाद्याने शंका विचारली की ती इतरांनाही ऐकू जाते आणि फेरीची दिशा थोडी वळते.

प्रादोत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. ही मनाई पर्यटकांना जाचक वाटते, तरी मार्गदर्शकाला तिच्यासारखा मदतनीस नाही, कारण पंढरपुरात गाभाऱ्यातल्या दर्शनाची रांग टाळून दुरूनच मुखदर्शन घेऊन निघावे, तसा फोनच्या पडद्यावर चित्र टिपून पुढे सरकण्याचा मार्ग येथे बंद असतो.

‘लास मेनिनास’ पहिल्या मजल्यावरील १२ क्रमांकाच्या दालनात आहे. या नावाचा अर्थ ‘राजकन्येच्या सख्या’ असा होतो आणि तेही चित्राला उशिरा, १८४३ च्या सूचीत मिळाले. तत्पूर्वी ते राजकुटुंबाचे चित्र म्हणूनच ओळखले जाई. मध्यभागी पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, दोन्ही बाजूंना तिच्या सख्या, उजवीकडे दरबारातील मारीबार्बोला ही बुटकी स्त्री आणि पेंगुळलेल्या कुत्र्यावर पाय ठेवणारा निकोलासितो, डावीकडे प्रचंड कॅनव्हासपुढे स्वतः चित्रकार, मागे उघड्या दारातील पायरीवर थबकलेला राणीचा कारभारी होसे निएतो आणि भिंतीवरील आरशात राजा चौथा फेलिपे व राणी मारियाना यांची अंधुक प्रतिबिंबे, एवढी माणसे ओळखून दिली की पुष्कळ मार्गदर्शकांना आपले काम झाल्यासारखे वाटते. परंतु खरे पाहणे तेथून सुरू होते. चित्रकार कॅनव्हासवर कोणाला रंगवत आहे, आरशात दिसते ते राजाराणीचे प्रत्यक्ष प्रतिबिंब आहे की त्या कॅनव्हासवरील चित्राचे, आणि राजाराणी समोर उभी असतील तर प्रेक्षक नेमका कोणाच्या जागी उभा आहे, या प्रश्नांवर विद्वानांचे आजही एकमत नाही. म्हणून मार्गदर्शकाने उत्तर देण्याऐवजी गटाला जागा बदलायला लावणे अधिक उपयोगाचे ठरते. पाच-सहा मीटर अंतरावरून राजकन्येच्या बाहीवरील चंदेरी कलाकुसर स्पष्ट दिसते, आणि तीच बाही दोराच्या अडसराजवळून पाहिली की तेथे राखाडी, पांढऱ्या आणि लालसर रंगाचे सैल फटकारेच उरतात. हा बदल आपापल्या पावलांनी अनुभवता यावा एवढी मोकळी जमीन गटाच्या वाट्याला यावी लागते.

सखी आगुस्तिना सार्मिएंतो राजकन्येपुढे जी लाल सुरई धरून आहे, तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. ‘बुकारो’ नावाने ओळखले जाणारे हे सुगंधी मातीचे भांडे. त्यातले पाणी गार आणि सुवासिक होई, आणि दरबारी स्त्रियांना त्याचे तुकडे चघळण्याचीही सवय होती. भाजकी माती खाण्याचे डोहाळे ऐकून असलेल्या मराठी माणसाला ही माहिती युरोपीय प्रेक्षकापेक्षा कमी विचित्र वाटेल.

चित्रकाराच्या छातीवरील लाल क्रूस हा मार्गदर्शकाची परीक्षा पाहणारा तपशील आहे. तो सांतियागो या सरदारी पंथाचे चिन्ह असून वेलास्केसला त्या पंथात प्रवेश १६५९ मध्ये, म्हणजे चित्र पूर्ण झाल्यानंतर तीन वर्षांनी मिळाला; अर्थात क्रूस मागाहून रंगवला गेला. तो राजाने स्वतःच्या हाताने काढला ही गोष्ट रंजक आहे, अठराव्या शतकापासून लिहिली जात आहे, आणि तिला पुरावा नाही. ती गोष्ट सांगण्यास हरकत नसावी, पण दंतकथा म्हणून सांगितली गेली की नाही यावरून पुढचे दोन तास कसे जातील याचा अंदाज येतो. हे चित्र १७३४ च्या नाताळच्या पूर्वरात्री माद्रिदच्या जुन्या राजवाड्याला लागलेल्या आगीतून वाचले, जिच्यात पाचशेहून अधिक चित्रे जळाली, हे मात्र इतिहासाने नोंदलेले सत्य असून कोणत्याही दंतकथेहून अधिक थरारक आहे.

डोळ्यांना मुळीच न दिसणारे काही प्रादोच्या संग्रहात आहे आणि तेथे बोलणाऱ्याची गरज निःसंशय असते. ‘मोना लिसा’ची एक जुनी नक्कल येथे काळ्या पार्श्वभूमीसह वर्षानुवर्षे फारशी दखल न घेता राहिली होती, ती स्वच्छ करताना काळ्या थराखालून निसर्गदृश्य बाहेर आले, आणि रंगाखालील रेखाटन दाखवणाऱ्या अवरक्त किरणांच्या तपासणीत असे आढळले की लिओनार्दोने मूळ चित्रात काम चालू असताना केलेले फेरबदल नक्कल करणाऱ्यानेही पायरीपायरीने केले होते. ही नक्कल मूळ चित्राशेजारीच, त्याच सुमारास घडली असावी, असा निष्कर्ष संग्रहालयाने २०१२ मध्ये जाहीर केला.

तळमजल्यावरील हिएरोनिमस बॉश या नेदरलंडिश चित्रकाराच्या ‘ऐहिक सुखांचे उद्यान’ या चित्राची अडचण याच्या उलट आहे, कारण त्यात दिसण्यासारखे इतके आहे की बोलणे व्यर्थ ठरते. हे तीन फळ्यांचे, कपाटाच्या दारांप्रमाणे मिटणारे चित्र आहे. उघडल्यावर डावीकडे स्वर्गोद्यान, मध्ये नग्न माणसांची आणि अवाढव्य फळापाखरांची गर्दी आणि उजवीकडे नरक दिसतो, तर मिटलेल्या दारांवर, केवळ राखाडी छटांत, काचेच्या गोलात असावी तशी नुकती निर्माण होणारी पृथ्वी आहे. प्रत्येक चिन्हाचा अर्थ लावून देणारा मार्गदर्शक येथे टाळावा. चार मिनिटे गप्प राहून ज्याने त्याने काय हेरले ते विचारणारा हवा.

फ्रान्सिस्को गोयाच्या दालनांत पुन्हा माहितीचे पारडे जड होते. नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध माद्रिदचे लोक २ मे १८०८ रोजी उठले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, हा प्रसंग गोयाने १८१४ मध्ये, म्हणजे फ्रेंच निघून गेल्यावर, दोन चित्रांत रंगवला. पांढऱ्या सदऱ्यातील, हात फैलावलेला माणूस आणि चेहरे न दिसणारी सैनिकांची रांग हे दुसऱ्या चित्रातील दृश्य बहुतेकांनी पुस्तकात पाहिलेले असते. पुस्तकात न सापडणारी गोष्ट पहिल्या चित्राच्या अंगावर आहे: स्पेनच्या यादवी युद्धात प्रादोतील निवडक चित्रे आधी वालेन्सियाला, मग कातालोनियाला आणि शेवटी १९३९ मध्ये जिनिव्हाला हलवली गेली, आणि १९३८ मधील प्रवासात झालेल्या अपघातात हे चित्र फाटले. गमावलेल्या जागा नंतर साध्या लालसर रंगाने भरून तशाच दिसू दिल्या होत्या. मूळ चित्राशी जुळेल असे काम २००८ मध्ये झाले.

फेरी गोयाच्या ‘काळ्या चित्रां’पाशी संपवणे सोयीचे असते, कारण त्यांच्यानंतर दुसरे काही पाहवत नाही. वृद्ध आणि बहिऱ्या झालेल्या गोयाने माद्रिदबाहेरील आपल्या घराच्या भिंतींवर १८२० ते १८२३ या काळात ही चौदा चित्रे रंगवली. ती कोणी मागवली नव्हती, त्याने त्यांना नावे दिली नाहीत आणि त्यांविषयी एक ओळही लिहून ठेवली नाही. आज लावलेली नावे इतरांनी दिलेली आहेत. १८७४ पासून ती भिंतीवरून काढून कॅनव्हासवर चढवली गेली, त्या खटाटोपात रंग गळले, वर दुरुस्त्या झाल्या, आणि छायाचित्रकार लॉराँ याने त्याच सुमारास काढलेली छायाचित्रे मूळ भिंतींच्या अवस्थेचा महत्त्वाचा पुरावा म्हणून उरली. यांतील एका अरुंद, उभ्या चित्रात पिवळट पोकळीच्या तळाशी एका कुत्र्याचे केवळ डोके दिसते; ते वाळूत बुडत आहे, उताराआडून वर येत आहे, की वर कशाकडे तरी पाहत आहे, हे चित्रावरून ठरत नाही. एवढे सांगून झाले की चांगला मार्गदर्शक गटाच्या मागे जाऊन उभा राहतो. तिकीट दिवसभराचे असते, बाहेर पडले नाही तर पुन्हा वरच्या मजल्यावर जाता येते, आणि बारा क्रमांकाच्या दालनातील गर्दी दुपारच्या जेवणाच्या वेळी थोडी ओसरते.