आकड्यांतून कानापर्यंत

(द्वितीय वर्ष कला)

माणसाने लिपी शोधली आणि शब्द टिकवले. पण बोलणाऱ्याचा आवाज मात्र हवेत विरून जात राहिला. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला, तेव्हा कोठे माणसाचा आवाज त्याच्या मागे उरू लागला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ साली, व्हॉयेजर याने अंतराळात गेली. त्यांच्यासोबत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी होती आणि तिच्यात गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी होती! पुढे १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली व आवाज चक्क आकड्यांच्या रूपात घरोघर पोचला. आज तर तो आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे. असे असताना आपल्या घरातल्या स्पीकरमधून तो घुमतो का, फाटतो का, मधूनच तुटतो का? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत ‘नवीन आणू या’ असे दिले जाते. ते उत्तर महाग आहे; आणि पुष्कळदा चुकीचेही आहे.

मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. मग मी या भानगडीत का पडलो, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आमच्या घरी आजीच्या ओव्यांची एक कॅसेट आहे. जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या. आजीला अक्षरओळख नव्हती आणि आता आजीही नाही. तिने मागे ठेवलेला एकमेव ‘ग्रंथ’ म्हणजे ही कॅसेट. आणि फीत काही कायमची टिकत नाही. ती नीट ऐकता यावी व उतरवून घेता यावी, म्हणून जे शिकलो ते येथे मांडतो.

प्रथम ‘डिजिटल’ म्हणजे काय ते पाहू. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिची उंची ठरावीक अंतराने मोजून ते आकडे लिहून ठेवायचे, हेच अंकीय ध्वनिमुद्रण. सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते. एवढ्या वेळा कशाला? तर तरुण, निरोगी कानाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो, आणि कोणतीही लाट पुन्हा जशीच्या तशी उभी करायची तर तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावी लागते. प्रत्येक मोजमापासाठी ६५,५३६ पायऱ्यांची मोजपट्टी असते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू धरल्या, तर एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. एमपी ३ मध्ये ही जागा वाचवण्यासाठी, मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज कानाला फारसे कळत नाहीत ते गाळून टाकतात. युक्ती हुशारीची खरी; पण गाळलेले गेले ते गेलेच. लहान फाइलची मोठी फाइल बनवली म्हणून ते परत येत नाही. ताकाचे पुन्हा दूध होत नाही!

आता हे आकडे कानापर्यंत कसे येतात? शेतकऱ्याच्या घरच्या वाचकाला हे चटकन समजेल. विहीर, मोटार, पाइप, दंड आणि शेवटी वाफा, अशी पाण्याची वाट असते. तशीच आवाजाचीही आहे. फाइल ही विहीर. फोन किंवा लॅपटॉप तिच्यातून आकडे उपसतो. ‘डॅक’ नावाचा भाग आकड्यांची पुन्हा विद्युत्-लाट करतो. तो फोन-लॅपटॉपच्या आतही असतो, किंवा बाहेरून जोडायच्या लहान डबीत असतो. अ‍ॅम्प्लिफायर त्या क्षीण लाटेला बळ देतो, स्पीकर तिची हवेतली लाट करतो आणि शेवटचा वाफा म्हणजे आपली खोली. वाफ्यात पाणी आले नाही म्हणून कोणी एकदम नवी विहीर खणत नाही. आधी दंड कोठे फुटला ते पाहतो.

सुधारणा करायची तर सुरुवात शेवटच्या टोकापासून करावी, कारण तेथे पैसा लागत नाही. स्पीकर कोपऱ्यात ठेवले की खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. म्हणून ते कोपऱ्यातून बाहेर काढावेत. दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा आणि स्पीकरचा लहान भोंगा कानाच्या उंचीवर आणावा. फरशी आणि उघड्या भिंती यांच्यामुळे आवाज आदळून परत येतो. खाली सतरंजी, समोरच्या भिंतीवर जाड पडदा किंवा चक्क गोधडी टांगली, तर शब्द निवळतात. हे केल्यावरही समाधान झाले नाही तरच खिशात हात घालावा. आणि तो आधी स्पीकरसाठी, मग अ‍ॅम्प्लिफायरसाठी, मग डॅकसाठी. वायरचा क्रम शेवटचा. चार-सहा हात अंतराला साधी, पुरेशी जाड तांब्याची वायर उत्तम चालते.

वॅटच्या आकड्यांना तर मुळीच भुलू नये. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेले हजारो वॅट हे जाहिरातीचे वॅट असतात. सलग मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ या आकड्यात पाहावी. शिवाय शक्ती दुप्पट केली म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, तो जेमतेम वाढल्याचे जाणवते. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. तेव्हा ५० वॅटचा संच विकून १०० वॅटचा आणणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही.

बिघाड शोधण्याचा नियम एकच आहे: एका वेळी एकच बदल करा. समजा, डावा स्पीकर मुका झाला. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. चालू केल्यावर तोच डबा मुका राहिला, तर दोष त्या डब्यात किंवा त्याच्या वायरीत आहे. मुकेपणा दुसऱ्या डब्यात गेला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे आहे. मग स्पीकरच्या वायरी पूर्ववत लावून, आत येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. आता मुकेपणाने बाजू बदलली, तर दोष फोनकडच्या वायरीत किंवा फोनमध्ये. नाही बदलली, तर तो अ‍ॅम्प्लिफायरमध्येच. दोन अदलाबदलींत चोर सापडतो, आणि दुरुस्तीवाल्यापुढे आपण अज्ञानी म्हणून उभे राहत नाही.

दोन्ही स्पीकर चालतात पण खर्ज गायब आहे, गायकाचा आवाज समोरून न येता चहूकडून आल्यासारखा वाटतो, असे झाले तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्या आहेत. एक डबा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो. त्या एकाच स्पीकरच्या वायरी सुलट कराव्यात. सतत सूं असा आवाज येत असेल, तर फोनचा आवाज वाढवून अ‍ॅम्प्लिफायरचा कमी करून पाहावा; मूळ आवाजच क्षीण आला की अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याबरोबर खरखरही मोठी करतो. ब्लूटूथवर आवाज तुटत असेल किंवा पडद्यावरचे ओठ आणि शब्द जुळत नसतील, तर वायर जोडून पाहावी. ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबून, गाळून पाठवतो आणि त्यात थोडा वेळ जातो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लॅपटॉप जोडताच ‘घूं’ असा जाड, संथ आवाज येऊ लागतो. आपली घरगुती वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, त्याचाच हा प्रतिध्वनी. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. घूं थांबली, तर दोन यंत्रे अर्थिंगला दोन वाटांनी जोडली जाऊन वायरींचे कडे तयार झाले आहे, असे समजावे. दोन्ही यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी. तरी न थांबल्यास मधल्या ध्वनिवायरीत ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ बसवावा. ती डबी लहान व स्वस्त असते. परंतु एक ‘उपाय’ सर्रास सांगितला जातो, आणि मलाही तो एका दुकानात हसतहसत सांगण्यात आला: पिनेचे वरचे जाड टोक काढून टाका. मित्रहो, हे कधीही करू नका! ते टोक अर्थिंगचे असते. यंत्राच्या आत वायर सुटून पत्र्याला टेकली, तर वीज त्याच वाटेने जमिनीत जाते. ती वाट बंद केली, तर पत्र्याला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून ती जाते. घूं घूं ऐकून कोणी मरत नाही. २३० व्होल्टने मरतो.

शेवटी कॅसेट उतरवण्याविषयी. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावे. टेपची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नये; ते भोक क्षीण आवाजासाठी असते, तेथे आवाज फाटतो. लाइन-इन असलेली लहान यूएसबी डबी वापरावी. मुद्रणाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही शून्य डेसिबलच्या सहा ते बारा डेसिबल खाली राहील. शून्यावर गेलेल्या लाटेचा माथा कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात, न गाळता ठेवावी. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या ठिकाणी असावी. फाइलच्या नावात आवाज कोणाचा, गाव कोणते, साल कोणते हे लिहावे.

आणि खरखर काढण्याची घाई करू नये. संगणकाला सांगितले की ‘सतत येणारा गोंगाट काढ’, तर तो फितीच्या खरखरीबरोबर जात्याची घरघरही काढून टाकतो. त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. ओवी उरते, जाते जाते. पण ती घरघर हीच त्या ओवीची लय होती, पहाटेच्या कष्टाची ती साक्ष होती. म्हणून मूळ प्रत जशीच्या तशी जपावी. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे यंत्राला कळत नाही, ते माणसानेच ठरवावे लागते. येथे कला शाखेच्या विद्यार्थ्याचेही काही काम आहे, असे मला नम्रपणे वाटते.

हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. केवढे थोर काम! पण प्रत्येक घरात असे संशोधक येणार नाहीत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत एखादी तरी कॅसेट पडून असेल: कोणाच्या आजोबांचे भजन, कोणाच्या आत्याच्या लग्नातली गाणी. ज्या घरांतून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात आले, त्या घरांचा इतिहास कागदावर फारसा नाही. तो या फितींवर आहे. त्या फिती आपणच खाली काढल्या पाहिजेत. नवा संच घेण्यासाठी पैसे नसतील. पण वायरींची अदलाबदल करायला, गोधडी टांगायला आणि कान देऊन ऐकायला पैसे लागत नाहीत.