नो फोटो, प्लीज!

मान मोडेपर्यंत वर बघत आम्ही दोघी सिस्टिन चॅपेलमध्ये उभ्या होतो. डोक्यावर मायकेलअँजेलो, आजूबाजूला निम्मं जग आणि दर दोन मिनिटांनी तीच आरोळी, 'सायलेन्झिओ! नो फोटो!' माझ्या मैत्रिणीने पर्स छातीशी धरली, पर्सच्या आडून मोबाइल हळूच तिरका केला आणि क्लिक! गार्ड समोर हजर. ओरडला नाही, काही नाही. बोटानेच खूण केली, उडवा. तिने उडवला. मग त्याने डिलीट केलेल्या फोटोंचा फोल्डर उघडायला लावला आणि तिथूनही उडवायला लावला. अनुभव दांडगा!

बाहेर पडल्यावर तिची चिडचिड सुरू. 'वर्षभर पैसे साठवून आले आणि एक फोटो काढायचा नाही?' तिचंही काही अगदीच चूक नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी त्याच व्हॅटिकन म्युझियममध्ये राफाएलच्या दालनांत आम्ही धडाधड फोटो काढले होते. फ्लॅश बंद ठेवा, एवढीच अट होती. मग याच एका खोलीचं एवढं काय कौतुक?

याची गोष्ट भन्नाट आहे. १९८० मध्ये चॅपेलमधल्या चित्रांची साफसफाई आणि डागडुजी करायचं ठरलं. शतकानुशतकांच्या मेणबत्त्यांची काजळी काढायची म्हणजे खर्च अफाट. तो उचलला जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजन कंपनीने. आकडा पुढे ४२ लाख डॉलर्सपर्यंत गेला. बदल्यात कंपनीला काय मिळालं? तिथल्या फोटो आणि व्हिडिओचे खास हक्क. कामाचा एकेक टप्पा संपला की पुढे तीन वर्षं ते हक्क कंपनीकडे. १९९४ मध्ये शेवटचा टप्पा पूर्ण झाला. म्हणजे करार कधीचाच संपला, बंदी मात्र राहिली. का राहिली, ते आत पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. एवढ्या गर्दीत प्रत्येकाने हात वर करून दहा-दहा फोटो काढले, तर ती रांग पुढे सरकायची कधी? शिवाय ही खोली नुसती म्युझियम नाही. नवा पोप निवडायला कार्डिनल मंडळी इथेच जमतात. मे २०२५ मध्ये लिओ चौदावे यांची निवड याच छताखाली झाली.

फ्लॅशने खरंच काही होतं?

'फ्लॅशने रंग उडतात' हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. खरं सांगायचं तर आजच्या छोट्या फ्लॅशच्या एका झोताने चित्राचं किती नुकसान होतं, यावर जाणकारांचंच एकमत नाही. पण प्रकाशाने रंग फिके पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही, याबद्दल वाद नाही. म्हणून तर जुने कागद, कापड, जलरंगातली चित्रं जेमतेम ५० लक्स उजेडात ठेवतात. (म्युझियममध्ये एवढा अंधार का, असं वाटलं असेल तर उत्तर हे.) आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतही फ्लॅश चालत नाही, तो याच धास्तीने. आणि ते सगळं सोडा. तुम्ही शांतपणे एखादं चित्र बघताय आणि बाजूने डोळ्यांवर लख्खकन झोत आला, तर तुमच्या तोंडून काय निघेल?

गंमत म्हणजे नियम सगळीकडे सारखे नाहीत आणि कायमचेही नाहीत. पॅरिसच्या लूव्रमध्ये मोनालिसाचे हवे तितके फोटो काढा (अर्थात, फोटोत मोनालिसापेक्षा लोकांचे हातच जास्त येतील). तिथून नदीपलीकडच्या ओर्से म्युझियमने २०१० मध्ये फोटोबंदी केली होती. मार्च २०१५ मध्ये खुद्द फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्रीणबाईंनी तिथल्या प्रदर्शनाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. झाली की पंचाईत! थोड्याच दिवसांत बंदी उठली. माद्रिदच्या प्रादोमध्ये मात्र आजही कॅमेरा खिशातच ठेवावा लागतो. त्याच शहरातल्या रैना सोफियामध्ये पिकासोच्या 'गेर्निका'वरची बंदी २०२३ मध्ये उठली, पण फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक नकोच. तेव्हा 'मागच्या वर्षी माझ्या कलीगने काढला होता' या भरवशावर राहू नका. तिकीट काढताना पाटी वाचा, नाहीतर सरळ विचारा.

खरी धास्ती फोटोची नाही, पोजची आहे. इटलीत पोसान्यो नावाचं गाव आहे, शिल्पकार कानोव्हाचं. २०२० च्या उन्हाळ्यात एक ऑस्ट्रियन पर्यटक तिथल्या म्युझियममध्ये नेपोलियनच्या बहिणीच्या प्लास्टरच्या पुतळ्यावर चक्क रेलून बसला, फोटोसाठी. पुतळ्याच्या पायाची बोटं तुटली. तो गुपचूप सटकला. पण कोविडचे दिवस, प्रवेशाच्या वेळी नावं लिहून घेतलेली. सापडला! २०२५ मध्ये तर इटलीत कहरच झाला. व्हेरोनामध्ये स्फटिकांनी मढवलेल्या खुर्चीवर एक जण फोटोसाठी टेकला आणि खुर्ची मोडली. फ्लोरेन्सच्या उफीझीमध्ये एक जण तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रासमोर त्याच्यासारखीच ऐट करायला गेला, मागे धडपडला आणि कॅनव्हासला भोक पाडून बसला.

आता माझी चूक सांगते. सिस्टिनच्या गार्डवर वैतागून झाल्यावर त्याच संध्याकाळी आम्ही गल्लीतल्या एका छोट्या चर्चमध्ये शिरलो. नाव काही प्रसिद्ध नाही. रांग नाही, गार्ड नाही, फोटोबंदीची पाटीही नाही. एक आजी मेणबत्ती लावून गुडघ्यांवर बसल्या होत्या. चेहऱ्यावर तेवढाच उजेड, बाकी काळोख. फ्रेम इतकी सुंदर, की मी पुढचा विचारच केला नाही. फोन सायलेंटवर नव्हता. त्या शांततेत क्लिकचा आवाज केवढा मोठा झाला! आजींनी वळून पाहिलं. डोळे ओले होते. रागावल्या नाहीत. उठल्या, स्कार्फ नीट केला आणि निघून गेल्या. मेणबत्ती नुकतीच तर लावली होती.

आपल्याकडे गाभाऱ्यात फोटो नको म्हटलं, की आपण निमूट हात जोडतो. माझी आजी देवासमोर डोळे मिटून उभी असताना कुणी परक्याने लेन्स रोखली असती, तर मी त्याला सोडलं नसतं. मग रोममध्ये मला कुणी परवानगी दिली होती? जुन्या गोव्याच्या एका चर्चमध्ये 'माणसांचे फोटो काढू नयेत' अशी पाटी वाचून मी हसले होते. वास्तूचे चालतात आणि माणसांचे का नाही, म्हणून. त्या संध्याकाळी त्या पाटीचा अर्थ लागला.

त्यानंतर उरलेल्या चार दिवसांत मी स्वतःला काही सवयी लावून घेतल्या. आत शिरायच्या आधी दारातच फ्लॅश बंद, फोन सायलेंट. मास किंवा लग्न चालू असेल तर कॅमेरा बॅगेत आणि आपण मागच्या बाकावर. खांदे-गुडघे झाकायला एक ओढणी कायम सोबत, नाहीतर मोठ्या चर्चच्या दारातूनच परत पाठवतात. फोटोत कुणाचा चेहरा येणार असेल, तर आधी नजरेनेच विचारायचं. बहुतेक जण हसून मान डोलावतात. एका पाद्रीबाबांनी तर स्वतःहून दिवे लावून दिले.

आजींचा फोटो मी हॉटेलवर पोचायच्या आधीच उडवला. फोल्डरमधूनही.

ऑफिसात परतल्यावर कँटीनमध्ये सगळे मोबाइलवर तुटून पडले. 'सिस्टिनचे कुठायत गं?' मी पर्समधून म्युझियमच्या दुकानातलं पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. छत अख्खं, एकही डोकं मध्ये नाही. माझ्या मैत्रिणीने ते हिसकावून घेतलं, ते अजून तिच्याच क्युबिकलमध्ये लावलेलं आहे.