श्रेणी नदीची, उद्दिष्ट वल्हेकऱ्याचे

खळाळत्या नदीत कयाक चालवायला शिकू पाहणारा माणूस आपले उद्दिष्ट बहुधा एका आकड्यात सांगतो: या हंगामात दुसऱ्या श्रेणीचे पाणी, पुढच्या हंगामात तिसऱ्या श्रेणीचे आणि मग कधीतरी चौथ्या. हा आकडा ज्या आंतरराष्ट्रीय प्रतवारीतून येतो, तिच्यात नदीच्या खडकाळ, वेगवान टप्प्यांची, म्हणजेच रॅपिडची, पहिली ते सहावी अशा सहा श्रेणींत विभागणी केलेली असते. पहिल्या श्रेणीत लहान लाटा आणि मोकळी वाट असते, तिसरीत लाटा अनियमित होतात आणि अरुंद जागांतून नेमकी वळणे घ्यावी लागतात, चौथीत पाणी जोरदार असूनही त्याचा अंदाज बांधता येतो, मात्र काठावरून पाहणी केल्याशिवाय त्यात उतरू नये असे मानले जाते आणि सहाव्या श्रेणीच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. ही प्रतवारी उपयुक्त आहे यात शंका नाही, पण ती पाण्याचे वर्णन करते, पाण्यात उतरलेल्या माणसाचे नव्हे. तिसऱ्या श्रेणीचा एखादा रॅपिड नवखा वल्हेकरी केवळ नशिबाच्या जोरावर, होडीत सरळ बसून राहूनही पार करू शकतो. त्याच्या वहीत ‘तिसरी श्रेणी पूर्ण’ अशी नोंद होते आणि शिक्षण मात्र झालेले नसते.

उद्दिष्टनिश्चितीच्या अभ्यासाने या प्रश्नावर बराच प्रकाश टाकलेला आहे. एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये मांडलेला आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासह विस्तारलेला सिद्धान्त असा, की ‘जमेल तेवढे करा’ या मोघम सूचनेपेक्षा नेमके आणि अवघड उद्दिष्ट माणसाकडून अधिक चांगले काम करून घेते. हा निष्कर्ष व्यवस्थापनाच्या वर्गांतून सर्वदूर पोहोचला; त्याची मर्यादा मात्र तितकी पोहोचली नाही. रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी अमेरिकी हवाई दलातील प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणासारखे काम संगणकावर करायला दिले आणि 1989 मध्ये असे दाखवून दिले, की गुंतागुंतीचे काम शिकण्याच्या अगदी आरंभीच कामगिरीचे अवघड लक्ष्य समोर ठेवले तर कामगिरी सुधारण्याऐवजी खालावते. कारण माणसाचे अवधान मर्यादित असते. काम म्हणजे काय हे समजून घेण्यातच ते सारे खर्च होत असताना लक्ष्य गाठण्याची चिंता त्यातला वाटा खाते. अशा अवस्थेत कामगिरीपेक्षा शिकण्याचे उद्दिष्ट हितकर ठरते. लाटेखाली डोके गेलेल्या माणसाच्या अवधानाला तर संगणकासमोर बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक दावेदार असतात, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच पहिले उद्दिष्ट कयाक चालवण्याचे नसते, तर उलटलेल्या कयाकमधून शांतपणे बाहेर पडण्याचे असते. वल्हेकऱ्याच्या कमरेभोवती स्प्रे स्कर्ट नावाचे रबरी कापडाचे आच्छादन असते आणि त्याची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवलेली असल्याने आत पाणी शिरत नाही. होडी उलटली की पुढे वाकून त्याची दोरी ओढायची, आच्छादन सुटले की होडीच्या कडांवर हात रेटून पाय मोकळे करायचे, एवढीच ही क्रिया आहे. ती किती वेगाने होते याला मात्र महत्त्व नाही. जाणते प्रशिक्षक शिष्याला उलट्या अवस्थेत होडीच्या बुडावर तीन थापा मारायला लावतात आणि त्यानंतरच दोरीला हात घालू देतात, कारण इथे मोजायची गोष्ट घबराट आहे. ज्याला पाण्याखाली तीन थापांइतकी उसंत सापडत नाही, त्याला पुढची कोणतीच गोष्ट नीट शिकवता येत नाही.

दुसरे उद्दिष्ट होडीतून बाहेर न पडता ती पुन्हा सरळ करण्याचे, म्हणजे रोलचे. ही विद्या आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट शिकाऱ्यांची आहे. सीलच्या कातड्याने मढवलेल्या होडीतून शिकार करणाऱ्या ग्रीनलंडच्या माणसाला त्या बर्फाळ पाण्यात होडीबाहेर पडणे म्हणजे बहुधा मृत्यूच होता, त्यामुळे रोल हा त्याच्या जगण्याचा भाग झाला. युरोपीय माणसाने केलेला पहिला नोंदलेला रोल ऑस्ट्रियाच्या एडी पावलाटा यांच्या नावावर 1927 मध्ये आहे. रोलचे मर्म हातांत नसून कमरेत असते: वल्ह्याने पाण्याचा क्षणभर आधार घ्यायचा, कमरेच्या झटक्याने आणि गुडघ्याच्या दाबाने आधी होडी वळवायची, मग धड आणि सर्वांत शेवटी डोके पाण्याबाहेर आणायचे. नवशिक्याचे शरीर याच्या नेमके उलट वागते, कारण श्वासासाठी ते डोके आधी वर काढू पाहते. त्याबरोबर कमर विरुद्ध बाजूला दाबली जाते आणि होडी पुन्हा कलंडते. ‘रोल जमला’ हे उद्दिष्ट त्यामुळे फसवे आहे. तरणतलावात, तयारीनिशी, सवयीच्या बाजूला जमलेला रोल आणि अचानक उलटल्यावर, वल्हे नको त्या ठिकाणी असताना, वाहत्या पाण्यात जमलेला रोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामधल्या पायऱ्या, उदाहरणार्थ दुसऱ्या बाजूचा रोल किंवा डोळे मिटून केलेला रोल, प्रत्येकी स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवण्याजोग्या आहेत.

यानंतरचा आणि सर्वांत मोठा अभ्यास एडीचा. प्रवाह खडकावर आदळून दोन्ही बाजूंनी पुढे जातो तेव्हा खडकाच्या मागे एक पोकळी उरते आणि ती भरण्यासाठी पाणी खालून वर, म्हणजे नदीच्या उलट दिशेने, वळते. या संथ पट्ट्याला एडी म्हणतात. मुख्य धार आणि एडी यांच्यामधली सीमारेषा डोळ्यांना स्पष्ट दिसते आणि नवशिक्याची होडी बहुतेक वेळा तिच्यावरच उलटते, कारण होडीचे एक टोक पुढे ओढले जाते आणि दुसरे मागे. ही रेषा ओलांडण्यासाठी पुरेसा वेग, योग्य कोन आणि कड उचलणे या तीन गोष्टी एकाच क्षणी साधाव्या लागतात. एडीतून धारेत शिरताना प्रवाह जिकडून येतो तिकडची कड उचलायची, नाहीतर पाणी तिच्यावर चढून होडी पालथी करते. नाक प्रवाहाकडे तिरके धरून, खाली न घसरता पलीकडच्या काठाला जाण्याला फेरी म्हणतात. जोरदार धारेत नाव तिरकी घालून पैलतीर गाठणाऱ्या नावाड्याला हे तत्त्व नव्याने सांगावे लागणार नाही.

चांगले उद्दिष्ट कसे असते, हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते. दुसऱ्या श्रेणीच्या एका साध्या रॅपिडमध्ये सात एडी असतील, तर पहिल्या दिवशी वल्हेकरी त्यांतल्या दोनच पकडतो. महिन्याभराने त्याने पाच पकडाव्यात, त्यानंतर सातही, मग त्यांतली प्रत्येक एडी तिच्या अगदी वरच्या टोकाला पकडावी आणि शेवटी एडीमागून एडी घेत तोच रॅपिड खालून वर चढावा, असे उद्दिष्ट ठेवले तर नदी तीच राहते, धोका वाढत नाही, प्रगती मात्र मोजता येते. सोप्या पाण्यात अवघड हालचाली करण्याची ही शिस्त कंटाळवाणी वाटू शकते, परंतु चौथ्या श्रेणीच्या पाण्यात वल्हेकऱ्याला तारते ती हीच.

महाराष्ट्रात या अभ्यासाची सोय रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळ कुंडलिका नदीवर आहे. इथले पाणी मुळशी धरणाचे: मुळा-मुठा, भीमा आणि कृष्णा या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळाले असते, ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांवाटे भिरा वीजकेंद्रात उतरवले जाते आणि वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत येते. ज्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि ज्यात त्यांची गावे गेली, त्या धरणाचे हे पाणी आहे, याची जाणीव इथे वल्हे मारणाऱ्याने ठेवणे उचित होय. पाणी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाप्रमाणे सुटत असल्याने नदीला जोर असतो तो दिवसाचे काही तासच, आणि म्हणून ‘आज नेमके काय’ हे ठरवून आलेल्या वल्हेकऱ्याचा दिवस सार्थकी लागतो.

नदी बदलली की उद्दिष्टेही बदलतात. हृषीकेशच्या वरची गंगा रुंद आणि विपुल पाण्याची आहे. तिथे मोठ्या लाटा आणि जागा बदलणाऱ्या एडी असतात, म्हणून रोलची विश्वासार्हता आधी तपासली जाते. केरळात कोळिकोड जिल्ह्यातील चालिपुळा ही पावसाळ्यात भरणारी, उताराची आणि खडकांनी गच्च भरलेली नदी आहे. तिथे अचूक वळणांची कसोटी लागते.

शिकणाऱ्यांच्या वहीत सहसा न सापडणारी उद्दिष्टे बचावाची असतात. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. होडीबाहेर पडलेल्या माणसाने गुडघ्याहून खोल धारेत उभे राहायचे नाही, हा नियम याच हिशेबातून आलेला आहे, कारण पाय खडकांच्या फटीत अडकला तर तेवढा प्रवाह त्याला खाली दाबून धरतो. पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवून तरंगणे आणि काठावरून फेकदोराची पिशवी वाहत्या माणसाच्या हाताशी पडेल अशी टाकणे, यांचा सराव रोलइतकाच काटेकोरपणे व्हायला हवा. पोर्टेज, म्हणजे होडी खांद्यावर घेऊन काठाने रॅपिड टाळणे, हेही याच यादीत बसते. काठावर उभे राहून आपली वाट ठरवता येणे, त्या वाटेवर कोणत्या एडी लागतील आणि त्या चुकल्या तर पाणी कुठे नेईल हे सांगता येणे, आणि त्यांतले काही सांगता आले नाही तर वीसेक किलोची होडी उचलून चालू लागणे, हे त्या दिवसाचे पूर्ण झालेले उद्दिष्ट म्हणून तारखेसह वहीत लिहावे. आणि जिथे वाट दिसेनाशी झाली त्या खडकाची खूणही शेजारी काढून ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेला पाहणी तिथूनच सुरू करता येते.