पुण्याच्या भुतांची अडीचशे वर्षं

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. वय अवघं अठरा. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी या खुनाबद्दल नारायणरावांचे काका राघोबादादा यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पण ते घडवून आणण्याची ताकद कुणातच नव्हती. मग हिशेब मागायला नारायणरावांचं भूत आलं. राघोबांचे पुत्र दुसरे बाजीराव या पिशाच्चाला इतके भ्याले होते, की त्याच्या शांतीसाठी त्यांनी पुण्याभोवती आंब्याची असंख्य झाडं लावली आणि दानधर्म केला, अशी नोंद इंग्रजी अमदानीत झाली. आज या भुताची उरली आहे ती फक्त पौर्णिमेच्या रात्रीची एक हाक. न झालेल्या न्यायाचा भाग गळून गेला, याचं मला वाईट वाटतं.

जुन्या पुण्याची भुतं नुसती भीती दाखवायला नव्हती. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहायचा. बाळंतपणात दगावलेली बाई हडळ व्हायची. वारस न ठेवता, जीव धनात अडकवून मेलेला माणूस समंध. घरोघरी मुलं आणि बाळंतिणी दगावत, त्या काळाचं हे मृत्यूंचं दप्तरच आहे. जपानी लोककथांत बाळंतपणात गेलेली ‘उबुमे’ तान्हं मूल घेऊन वाटेत उभी राहते. तिला आपली हडळ लगेच ओळखेल.

वेताळाची गोष्ट वेगळी. तो भुतांचा राजा, पण गावाचा राखणदारही. आजची गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ होती. नाव बदललं, पण वेताळ टेकडीवरचा वेताळ हलला नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या परिसरात पायी हिंडले आणि म्हसोबा, वेताळ, वाटेवरच्या आया यांच्या ठाण्यांतून त्यांनी प्राचीन वस्त्यांचे नि वाटांचे माग काढले. १९६२च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त ते वाचायला मिळतं. शेंदूर फासलेल्या दगडाकडे इतक्या आदरानं आणि इतक्या चिकित्सेनं पाहणारा दुसरा अभ्यासक मला माहीत नाही.

त्याआधी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून अशी माहिती गोळा करवली होती. डिसेंबर १९०९मध्ये त्यांचा वध झाला. पुढे सनदी अधिकारी एन्थोवेन यांनी ती सामग्री वापरून १९२४मध्ये ग्रंथ काढला. जॅक्सन यांच्या वधाच्याच सुमारास, १९१०मध्ये, लोककथांचे जपानी संग्राहक यानागिता कुनिओ यांचं ‘तोनो मोनोगातारी’ आलं आणि जपाननं आपली योकाई, म्हणजे भुतंखेतं, जपून ठेवली. आपल्याकडे नारायण धारपांनी हे भय कथा-कादंबऱ्यांत जिवंत ठेवलं.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वरापाशी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं आता गुन्हा आहे. तो असायलाच हवा. पण भूत न मानणाऱ्यानंही भुताची गोष्ट फेकून देऊ नये.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: मुंजा कोणत्या पिंपळावर होता, हडळ कोणत्या विहिरीपाशी दिसायची, ती कोण होती, कशानं गेली. आणि ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत, लिहून ठेवा.