जब्याची अक्षरं कोण तपासणार?

माझ्या धाकट्या भावाला ऑटिझम आहे. तो समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो आणि एकच प्रश्न दहादा विचारतो. भालकीतल्या आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू अशा चार भाषा चालतात, पण त्याच्यासाठी शब्द होते ते ‘येडं’ नाहीतर ‘हुच्चा’. त्यामुळे अशा मुलांवरचा सिनेमा मी नुसती करमणूक म्हणून पाहूच शकत नाही.

‘तारे जमीं पर’ (२००७) आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. मठ्ठ, आळशी म्हणून हिणवला गेलेला ईशान खरं तर अक्षरांशी झगडत होता, हे लोकांना पटलं. पण त्यानंतर पाहुणे आईला विचारू लागले, “मग हा कशात हुशार आहे?” ईशानला चित्रकलेचं बक्षीस मिळतं. माझ्या भावाला बक्षीस मिळावं असं काही येत नाही. तो वाळलेल्या कपड्यांच्या नेटक्या घड्या घालतो, एवढंच. माणसासारखं वागवायला तेवढं पुरेसं नाही का?

‘माय नेम इज खान’ (२०१०) मला जास्त जवळचा वाटतो. त्यातल्या रिझवानला अ‍ॅस्पर्जर आहे. अमेरिकेतल्या विमानतळावर तो स्वतःशी पुटपुटतो, नजर चुकवतो आणि लगेच संशयित ठरतो. नुसतं वागणं वेगळं असतं तर लोकांनी त्याला विक्षिप्त म्हणून सोडलं असतं. इथे त्याचं नाव आणि धर्मही पाहिला जातो. एकदा रेल्वे स्टेशनवर माझा भाऊ असाच डोलत उभा होता. एका पोलिसानं हटकलं. बाबांनी आडनाव आणि गाव सांगितलं, तसा तो हसून पुढे गेला. आमच्याजागी दुसरं आडनाव असतं तर तो इतक्या सहज गेला असता का, हे मला आजही ठाऊक नाही.

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ पाहिला तेव्हा हाच विचार आणखी पुढे गेला. कैकाडी समाजातला जब्या हुशार आहे, स्वप्नाळू आहे. तरी शाळा सोडून त्याला डुकरं धरायला जावं लागतं आणि गाव बघत हसतं. मनात आलं, जब्यालाही अक्षरं उलटसुलट दिसत असती तर? ईशानला निकुंभ सर भेटले. जब्याच्या वहीतल्या चुका पाहून “यांच्यात शिक्षण कुठलं!” एवढंच कोणी म्हणालं असतं. मुलाचा त्रास ओळखायचा की जातीवर ढकलून मोकळं व्हायचं, हे मुलाची वही उघडण्याआधीच ठरलेलं असतं.

आपल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात अनुभव मंटपात सगळ्या जातींची माणसं एकत्र बसली, हे आपण अभिमानानं सांगतो. आज त्यासाठी कायदाही हाताशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आणि डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही त्यात येतात. सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू शकतं. पण तिथवर पोहोचायला आधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

गेल्या हंगामात आमच्या शेतावर ऊसतोडीची टोळी आली होती. त्यातला सातेक वर्षांचा एक मुलगा ट्रॅक्टर सुरू झाला की कान झाकून उसाच्या मोळ्यांमागे लपायचा. माझ्या भावाकडे बघून त्याची आई हळूच म्हणाली, “ताई, ह्याचं बी तसंच आसंल का वो?” मी म्हटलं, “मी डॉक्टर नाही, पण दाखवून घ्या.” जिल्हा रुग्णालयाचं नाव आणि काय काय सांगायचं ते कागदावर लिहून दिलं. आठवड्यानं टोळी पुढच्या गावाला गेली.

तुमच्या शेतावर, गल्लीत, वर्गात असं मूल दिसलं, तर त्याचं आडनाव विचारण्याआधी त्याच्या आईशी बोला.