एक्कावन्नची वाटणी

सफरचंद उभे न चिरता एकदा आडवे चिरून पाहा. मधोमध पाच पाकळ्यांची चांदणी दिसेल. एकेका पाकळीत बहुधा दोन, म्हणजे दहा बियांची सोय. पण काही जातींत फळ गलेलठ्ठ आणि बहुतेक बिया पोचट!

कारण गुणसूत्रांच्या संख्येत आहे. साध्या सफरचंदाच्या पेशीत ३४ गुणसूत्रे, म्हणजे १७ जोड्या. परागकण आणि स्त्रीबीज तयार होताना वाटणी होते ती १७-१७ अशी. बाकी शून्य. जन्मभर बँकेत खतावण्या जुळवलेल्या माणसाला हे फार भावते. पण एखादे स्त्रीबीज वाटणी न करताच सगळी ३४ घेऊन बसते, त्याला १७ चा पराग भेटतो आणि ५१ गुणसूत्रांचे झाड जन्मते. वाढ जोमदार, फळ मोठे. पंचाईत होते ती पुढल्या पिढीची. तीन-तीनच्या १७ गटांची वाटणी दोघांत कशी करायची? कुठे २३ जातात, कुठे २८. असा पराग बहुतेक वांझ. स्त्रीबीजाला दुसऱ्या झाडाचा चांगला पराग मिळाला, तरी हिशेब न जुळल्याने बी अर्ध्यावरच सुकते.

इंग्लंडमधले ब्रॅमली हे शिजवायचे सफरचंद असेच. १८०९ साली साऊथवेल गावात मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने बी पेरली. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅमली या खाटकाने घेतले. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदरने कलमासाठी काड्या मागितल्या, तेव्हा फळाला आपले नाव देण्याची अट खाटकाने घातली. पेरणारी मुलगी राहिली बाजूलाच!

ब्रॅमलीजवळ बागवान दुसऱ्या दोन जाती लावतात. हा पराग घेतो, पण परत देत नाही. म्हणून त्या दोघींनी एकमेकींचे भागवायचे. (असे खातेदार मी बरेच पाहिले.)

आपल्या जळगावच्या केळ्यातही गुणसूत्रांचे तीन संच आहेत, पण केळे बीवाचून भरते. सफरचंदाचे सहसा तसे नाही. गर फुगवणारी संप्रेरके बियांतून येतात. एका बाजूच्या बिया भरल्या नाहीत, तर फळ त्या बाजूला खुरटते. म्हणजे ज्या बिया नीट धरत नाहीत, त्यांच्याच भरवशावर हे फळ!

साध्या सफरचंदाच्या बीतूनही तेच वाण उगवत नाही, पण निदान ती सहज रुजते. ब्रॅमलीला कलमाखेरीज वाट नाही. साऊथवेलचे ते झाड १९०० च्या वादळात आडवे झाले आणि पडल्या खोडातून पुन्हा फुटले. पुढे त्याला बुरशीने ग्रासले. जगातले प्रत्येक ब्रॅमली त्याच्याच काडीचे आहे.